आंबेघोळातली करवंदीची जाळी

हौसा लग्न होऊन आंबेघोळात गेली त्या दिवशी तिच्या माहेरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले होते. पोरगी दिली ती कुठे, तर घाटाच्या वर, जिथे एसटी जात नाही आणि लाइटचा खांबही नाही. माहेर खाली शृंगारपुराच्या अंगाला. तिथून मान वर केली की सह्याद्रीचा कडा भिंतीसारखा उभा दिसायचा, त्याच्या एका टोकावर प्रचितगड, आणि गडाच्या मागे कुठेतरी ढगांत तिचं सासर. गाव घाटमाथ्यावर, पण जिल्हा रत्नागिरीच. तलाठ्याला वर यायचं तर सकाळी निघून दुपार व्हायची, म्हणून तो सहसा येतच नसे. हौसाच्या सासऱ्यांचं म्हणणं, आंबेघोळची माणसं मूळची गडावरच्या शिबंदीतली. गड ओस पडला, पगार थांबला, तशी ती मागच्या खोऱ्यात उतरली आणि रान तोडून नाचणी पेरू लागली. खरं-खोटं गावदेवी वाघजाईला ठाऊक. पण दसऱ्याला घराघरांतून एकेक गंजलेलं पातं पूजेला निघायचं, एवढं हौसाने स्वतः बघितलं होतं.

गाव वाईट नव्हतं. उतारावर नाचणी आणि वरी, ओढ्याच्या कडेने थोडा भात, दारात फणस. हिवाळ्यात हिरडा गोळा करायचा. पहाटे गवे बांधावर येऊन उभे राहायचे, एकेक गवा म्हणजे घराएवढा, आणि सासू दारातून पातेलं वाजवत त्यांना शिव्या घालायची. गवे निवांत तिच्याकडे बघायचे. फणस पिकला की अस्वल यायचं. ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, राईवरून उडाले की त्यांच्या पंखांचा आवाज एवढा व्हायचा, की नव्या सुनेला वाटायचं कुठेतरी मोटार आली. वाघजाईची राई ओढ्याच्या पलीकडे होती. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीसाठी आणत नसे.

पहिला मुलगा सुजय. त्याच्या पाठीवर मुलगी झाली. आषाढ होता. पोरीला ताप भरला आणि उतरेना. खाली डॉक्टरकडे न्यायचं तर गडाखालच्या वाटेवरून पाण्याचे लोट कोसळत होते. सासऱ्यांनी देवीपुढे नारळ ठेवला, सासूने ओव्याचा शेक दिला. एका सकाळी पोर हौसाच्या मांडीवर गार झाली. बारसं व्हायचं होतं. नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं.

आंबेघोळात रीत अशी, की दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. आणि कुठे पुरलं ते आईला सांगत नाहीत. आईला जागा कळली की तिचे पाय तिकडेच वळतात, आणि घरातल्या दुसऱ्या मुलाला ते भोवतं, असं जुनी माणसं मानत. सासरे, नवरा शिवा आणि चुलत दीर बाबल्या, ज्याला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं, असे तिघे इरली घेऊन पावसात गेले आणि परत आले. हौसाने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पण डोळे कोण बांधणार? दुसऱ्या दिवशी ती ओटीवर बसली होती, तेव्हा सासरे करवंदीच्या काट्या ओढत नेताना तिला दिसले. नाचणीच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी त्या गोल रचल्या. पुरलेल्या जागेवर कोल्ह्या-डुकरांनी उकरू नये म्हणून काट्या घालतात, हे तिला माहीत होतं. पुढच्या वर्षी तो कोपरा नांगरला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तिथे करवंदीची जाळी फोफावली. हौसाला तेवढं पुरे झालं. शेतात जाता-येता ती तिकडे बघायची आणि कामाला लागायची.

ती रडली नाही. रडायला हवं हे तिला कळत होतं, पण आतून काही येईना. सासू म्हणाली, येईल हळूहळू. आलं नाही.

मग खाली वारणेवर धरण झालं, अभयारण्य आलं, अभयारण्याचं चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि आतली गावं उठवायची असं ठरलं. आंबेघोळला देवरुखच्या अलीकडे जागा मिळाली. वाघजाईची रूपं, म्हणजे देवीचे मुखवटे, पालखीतून खाली आली. देवीचा दगड मात्र जागचा हलवायचा नाही असा कौल पडला, म्हणून तो राईतच राहिला. निघायच्या दिवशी बायका दाराच्या चौकटींना मिठ्या मारून रडल्या. हौसाने पातेली पोत्यात भरली, पोत्याचं तोंड बांधलं आणि चालू लागली. जाताना जाळीकडे बघितलं. शेजारच्या घरातल्या चिमाने तेव्हापासून म्हणायला सुरुवात केली, "हिला देवीनं दगडाची घडवलीय."

खाली सगळं होतं. डांबरी रस्ता, नळ, शाळा, कौलारू घरांच्या ओळी. शिवा मुंबईला एका कँटीनमध्ये लागला, आजारी होऊन परत आला आणि गेला. सासू-सासरे त्याच्या आधीच गेले होते. सुजय मुंबईला कुरिअरच्या कामावर. हौसा भाताची खाचरं करायची आणि घरात बसून राहायची. मग वनखात्याने उद्यानात रोजंदारीवर माणसं घ्यायला सुरुवात केली. वाटा माहीत असलेली जुनी माणसंच हवी होती. बाबल्या गेला, चिमा गेली, त्यांच्या मागोमाग हौसा गेली.

दिवाळी झाली की काम सुरू, पावसाच्या तोंडाला बंद. गडाखालची लोखंडी शिडी चढून वर जायचं, आठवडाभर संरक्षण कुटीत राहायचं, मग खाली. काम म्हणजे जुन्या शेतांवर माजलेली रानमोडी उपटायची, म्हणजे तिथे गवत येतं आणि गवे, सांबरं चरतात. जिथे हौसाने नाचणी लावली तिथे आता कमरेएवढं गवत. घरांची जोती राहिलीत, त्यांतून कारवी उगवलीय. सासूच्या चुलीच्या जागी वारूळ आहे. चिमा आपल्या घराच्या जोत्यावर बसूनच भाकरी खाते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "या, बसा, पाणी घ्या" म्हणते. गड बघायला वाट चुकून आलेली मुंबईची पोरं एकदा खरंच बसली होती.

जाळीही तशीच होती. वाढून खोलीएवढी झालेली. पहिल्या वर्षी हौसा कोयती घेऊन तिच्यापर्यंत गेली, भोवतालची रानमोडी उपटली आणि जाळी सोडून दिली. नंतर दर वर्षी तसंच. मोसमाच्या पहिल्या दिवशी ती चिमूटभर तांदूळ मुळाशी टाकायची आणि हात जोडायची. मागायचं काही नसे. मनात काही यायचंही नाही. पण त्या एका जागेपाशी उभं राहिलं की पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत, बाकी दिवसभर वाटत नसत. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

यंदा शिमग्याआधीच ओढे आटले. वनरक्षक मृणाली मॅडम कोल्हापूरकडची, वयाने सुजयपेक्षाही लहान, पण चालायला लागली की बाबल्यालाही मागे टाकायची. ती एका सकाळी पहार, खुंटी आणि दोरी घेऊन आली आणि जुन्या शेतांतून फिरली. वाकून माती हातात घ्यायची, चोळायची, टाकायची. फिरत फिरत ती वरच्या कोपऱ्यात गेली.

"बाबल्याकाका, इथे ओल आहे बघा. गव्यांनी खुरांनी उकरलंय. पाणवठा इथेच करायचा. ही जाळी काढून टाकू."

तिने खुंटी मारली.

हौसा खालच्या अंगाला रानमोडी उपटत होती. खुंटीवर दगड बसल्याचा आवाज आला तशी ती उठून वर आली.

"मॅडम, हितं नको."

"का हो मावशी?"

"नको हितं. दुसरीकडं करा."

"दुसरीकडे पाणी नाही लागणार. मागच्या वर्षी पाण्याला म्हणून गवे घाट उतरले, एक खाली विहिरीत पडला, तुम्हीच सांगितलंत ना? आता तर ताडोब्याहून वाघीण आणून सोडलीय. इथे चरणारी जनावरंच थांबली नाहीत तर ती खाणार काय? उतरेल तीही त्यांच्या मागे."

"हो."

"मग?"

मागून चिमा आलीच.

"करवंदं खायची असतील तिला, मॅडम. सगळं रान साफ करते आनि ही येक जाळी ठेवते दर साल. मी इचारलं तर म्हनते, काटे लागतात. बाकीच्याला काय फुलं लागतात?"

"चिमे, तोंड मीट," बाबल्या म्हणाला.

"का मिटू? तुजं काय जातंय?"

मृणाली मॅडम हौसाकडेच बघत होती. हौसाने कोयती या हातातून त्या हातात घेतली.

"माजं पोर हाय तितं," ती म्हणाली.

आवाज नेहमीचाच होता, पातेलं कुठे ठेवलं ते सांगावं तसा. चिमाने तोंडावर हात ठेवला. शेजारीच राहायची ती, पण तिलाही जागा माहीत नव्हती. बाबल्याने मान फिरवली आणि उगीच पहारीचं टोक बोटाने पुसत बसला.

मॅडमने स्वतः हलवून हलवून खुंटी काढली, भोक मातीने बुजवलं, वर पायाने दाबायला गेली आणि थांबली. मग हातानेच दाबलं.

"शाळेच्या जोत्याखाली बघू," ती म्हणाली.

शाळेच्या जोत्याखाली कातळ निघाला. वरची माती वीतभर, खाली पहार टणटण वाजायची. बाबल्या आणि गँगमधले दोघे गडी रोज खणत होते आणि रोज संध्याकाळी हातांना तेल चोळत होते. बायका घमेल्यांतून खडी वाहत होत्या. खड्ड्यात ओलीचं नाव नाही. जुन्या गावची दगडी दोणी होती, गुरांना पाणी पाजायची. तिच्यात कुटीवरून कॅनने पाणी आणून ओतायचे, ते दुपारपर्यंत माकडं संपवायची. एकदा भरदिवसा एक गवारेडी वासरू घेऊन आली. माणसं दिसतात हे कळत असूनही आली. कोरडी दोणी चाटली. वासराने आईचं बघून चाटली. मग दोघं घाटाच्या कडेकडे, कोकणाच्या बाजूला चालू लागली. मॅडमने वायरलेसवरून खालच्या गावांना कळवलं.

चिमा आता हौसाशी गोड बोलायची. तिच्या घमेल्यात खडी कमी भरायची, भाकरीवर चटणी जास्त वाढायची. हौसाला त्याचाच त्रास होई. बाबल्या मात्र बोलेनासा झाला होता. ज्याच्या तोंडाला दिवसभर टाळं नसायचं तो खड्ड्यात उतरायचा आणि मान वर करायचा नाही.

दुपारची भाकरी झाली होती. चिमा जोत्यावर पदर डोळ्यांवर घेऊन आडवी झालेली. बाबल्या हौसाशेजारी येऊन बसला, थोडा लांब.

"वैनी."

"हं."

"माजी पाट मोडली म्हनून सांगतोय असं समज."

"काय?"

"तितं नाय ती."

हौसाने त्याच्याकडे बघितलं.

"जाळीत. तितं नाय काय. मी व्हतो ना संगती. कुदळ माज्याच हातात व्हती." तो पायाच्या अंगठ्याने खडे सरकवत होता. "थोरल्या काकांनी देवीची शपत घातली व्हती, आईला सांगायचं नाय. मंग तू ती जाळी राखायला लागलीस. मी म्हटलं, राखतेय तर राखू दे. कोनाचं काय जातंय? आता ह्यो कातळ आनि ती गवारेडी… मना झोप लागत नाय."

"मामंजींनी काट्या घातल्या त्या मी बघितल्या," हौसा म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी."

"घातल्या ना. सुरन लावला व्हता तितं त्यांनी. डुकरं उकरत व्हती म्हनून काट्या."

"सुरन?"

"सुरन. काकांना सुरनाचं किती याड व्हतं, तुला ठावं नाय? तीन-चार वर्सं काढायचा नाय, मोठा व्हऊ दे म्हनायचे, म्हनून नांगरला नाय कोपरा; मंग जाळी माजली आनि तो राह्यलाच. तू पावसाळ्यात कवा जाळीपाशी गेलीस? गेली असतीस तर पान दिसलं असतं जाळीच्या मदी, छत्रीवानी. दिवाळीपातुर वाळून जातं ते."

हौसाने पदराला हात पुसले. मग विचारलं, "मग कुठं?"

बाबल्याने ओढ्याकडे हात केला, आणि केलेला हात तसाच खाली घेतला.

"लांब जायाला मिळालं नाय त्या दिवशी, पाऊस म्हंजे काय पाऊस व्हता. ओढ्याच्या अलीकडं, जांबळीखाली. जागा चांगली व्हती. मंग दोन सालानी ओढा फिरला. आटवतं ना, राईकडनं फुटला आनि भाताची खाचरं नेली? ती जांबळ बी नेली."

"हं."

"शिवादादा जाऊन बघून आला व्हता. काय राह्यलं नव्हतं. तो बोलला नाय तुला?"

"नाय."

वारणेला मिळतो तो ओढा. तिथून धरणात. हौसाला धरण माहीत होतं, एकदा गाडीतून बघितलं होतं, केवढंच्या केवढं पाणी. ती उठली आणि लुगड्याला लागलेले खडे झटकले. बाबल्याला वाटलं आता काहीतरी होईल. बाई ओरडेल, निदान शिवी देईल. ती म्हणाली, "तुजी पहार बोथट झालीय, लोहाराकडनं शेवटून घे," आणि राईच्या वाटेला लागली.

वाघजाईचा दगड राईत अंजनीच्या झाडाखाली आहे. वर छप्पर नाही, पूर्वीही नव्हतं. समोरच्या झाडाला वनखात्याचा कॅमेरा बांधलेला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या जनावराचा फोटो निघतो. हौसा दगडासमोर उभी राहिली. कॅमेऱ्यात आपला फोटो निघाला असेल, हे तिच्या मनात आलं. दुसरं काही आलं नाही. गाऱ्हाणं घालायचं तर काय म्हणून घालायचं? बाबल्या खोटं बोलत असला तर? पाठ वाचवायला बोलला असेल. गवारेडीची दया येऊन बोलला असेल. तो तसा मऊच आहे. खोटं असेल तर जाळी राहील, कातळ कोरडा राहील आणि गवे घाट उतरतील. खरं असेल तर जाळीही नाही. सगळं खणून बघितल्याशिवाय कळायचं नव्हतं, आणि खणलं की राखण्यासारखं काही उरणार नव्हतं. शेकरू वरून फांदी तोडत होतं, पानं तिच्या डोक्यावर पडत होती.

"तुला ठावंच हाय," ती देवीला म्हणाली. नमस्कार करून निघाली.

मॅडम कुटीच्या पडवीत बसून मोबाइलवर गव्यांच्या खुणा भरत होती.

"मॅडम, खुंटी परत तितंच मारा."

मॅडमने मोबाइल खाली ठेवला. "मावशी, माझ्यासाठी नको. मी वरच्या साहेबांना सांगितलंय जागा बदलली म्हणून. त्यांनीही काही म्हटलं नाही. आपण ओढ्यात बघू कुठे."

"तितं नाय काय. माजी चूक झाली."

"कोणी बोललं का तुम्हाला? चिमामावशी?"

"कोन नाय बोललं. जाळी मी तोडते. पन खनायला पयली मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जाळी तोडली. एकटीने. चिमा पदर खोचून आली तर तिला "तू राहा" एवढंच म्हणाली. करवंदीचा चीक हातांना लागला, काटे बोटांत मोडले. पाखरांची दोन रिकामी घरटी निघाली, सापाची कात निघाली. मॅडम लांब उभी होती. तिला सगळं कळलं होतं की नाही कोण जाणे. बाबल्याने सांगितलं असावं, कारण तो येऊन तिच्याच शेजारी उभा होता.

जागा मोकळी झाल्यावर हौसाने कुदळ घेतली. माती काळी होती, मऊ होती. ती हळूहळू खणत होती, कुदळीचा घाव आडवा घालत होती, खोल जाऊ नये असा. थोडं खणायचं, मग बसून हातांनी माती बाजूला करायची. चाळणीने चाळावी तशी ती माती बोटांतून सोडत होती. उन्हं वर आली. कोणी घाई केली नाही. चिमा डोळे मिटून देवीचं नाव घेत होती, ते ओठांवरून दिसत होतं.

आपण काय निघावं म्हणून खणतोय, हे हौसाला सांगता आलं नसतं. हाताला काही कठीण लागलं की हात थांबायचा. दगड निघायचा. पुन्हा कुदळ.

मग हात थांबला तो दगडावर नाही. गोल, खरखरीत, गार. तिने बाजूची माती काढली. आणखी काढली. वर येईचना, एवढं रुंद होतं. कडेला बारीक बारीक गड्डे चिकटलेले, मुळांची मिशी आलेली. तिने नखाने वरची साल खरवडली, आत फिकट गुलाबी निघालं आणि बोटाला खाज सुटली.

"सुरन हाय," ती म्हणाली.

बाबल्या पुढे आला. दोघांनी मिळून तो वर काढला. घमेल्यात मावला नाही. खाली खड्ड्यात कडांवरून पाणी पाझरायला लागलं होतं, गढूळ, पण पाणी. मॅडमने खड्ड्यात बघितलं, मग हौसाकडे बघितलं, आणि दोर घेऊन मापं टाकायला वळली. बाकीचे गडी उतरले. काम सुरू झालं.

"येवडा सुरन!" चिमाने गालांवर हात घेतले. मग जीभ चावली.

"शिजव," हौसा म्हणाली.

"अगो, हा?"

"मग काय करायचंय? शिजव. आमसूल टाक जास्त. जुना हाय, घसा धरेल."

"मॅडम, चालंल ना?" चिमाने विचारलं. "उद्यानातलं काय न्यायचं नाय म्हनता तुमी."

"बाहेर न्यायचं नाही," मॅडम दोरावरून मान न उचलता म्हणाली.

"भायेर कशाला, पोटात नेताव," बाबल्या म्हणाला. कोणी हसलं नाही, तसा तो खड्ड्यात उतरला.

कुटीवर चिमाने अर्धा सुरण चिरला, हातांना तेल लावून, तरी खाजवत होती. उरलेला अर्धा डुकरांसाठी रानात टाकला. उन्हं कलली तेव्हा सगळे पडवीत ताटं घेऊन बसले. मॅडमही बसली. भात, सुरणाची भाजी आणि भाजलेला सुका बांगडा. बाबल्या जेवत नव्हता. त्याने एक फोड ताटात इकडून तिकडे केली.

"वैनी, राग नाय ना?"

हौसा जेवत होती. घास चावून गिळला. घशाला बारीक खाज येत होती, ती खाकरली.

"आमसूल कमी पडलंय," ती चिमाला म्हणाली.

"घातली तर मूठभर!"

"कमी पडलंय. वाढ अजून थोडी भाजी."

चिमाने वाढली. हौसाने ती सगळी खाल्ली, ताट धुऊन पालथं घातलं. कुटीमागे रानमोडी वाढली होती. अजून उजेड होता. ती तिकडे जाऊन बसली आणि उपटायला लागली.